परत केलेले मार्क

“...मग हा अर्धा मार्क कोणाचा, भंतेजी? तुरणकर मॅडमच्या घरचा आहे का?”

भंते खेमानंदांनी मान वर केली नाही.

प्रणोती खोब्रागडे उत्तरपत्रिका त्यांच्या नाकासमोर धरून उभी होती. दहावीची सराव परीक्षा. विज्ञानाचा पहिला पेपर. चाळीसपैकी साडेएकोणचाळीस.

विहाराच्या ओसरीवर भंते फाटक्या पाठ्यपुस्तकांना पुठ्ठे चिकटवत बसले होते. बाजूला खळीचं भांडं. आतल्या अभ्यासिकेत मुलं भिंतीकडे तोंड करून वाचत होती. बाहेर आवाज चढला तशी त्यांची पानं उलटायची थांबली.

भिक्षूचं चीवर घेण्याआधी भंते याच तालुक्यात विज्ञान शिकवायचे. बोर्डाचे पेपर त्यांनी नोकरीभर तपासले होते. त्यामुळे गावात मार्कांवरून तंटा झाला की लोक त्यांच्याकडे यायचे. जमिनीच्या तंट्याला सरपंचाकडे जातात, तसे.

“तुम्ही फक्त एकदा मॅडमला फोन करा. तुमचं ऐकतील त्या. चाळीस पूर्ण झाले की झालं.”

“काय झालं?”

“बॅनर. आमच्या क्लासचे डहाके सर चौकात लावणार आहेत. चाळीसपैकी चाळीस असेल तर माझा फोटो मधोमध, मोठा. नाहीतर सगळ्यांच्या रांगेत.”

“आणि फोटो मधोमध आला की वसतिगृहात जागा मिळते?”

प्रणोतीनं उत्तरपत्रिका खाली घेतली.

“ती बोर्डाच्या मार्कांवर मिळते,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे ना जी.”

भंतेंना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. गेल्या वर्षी त्याची यादी चौऱ्याण्णव टक्क्यांना बंद झाली. प्रणोतीचे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यांनी सांगून टाकलं होतं, वसतिगृह मिळालं तर जा, नाहीतर इथंच शीक.

इथंच म्हणजे कुठं, तेही लिहून ठेवायला हवं. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. पाटीवर आहे. रसायनशास्त्राला शिक्षक नाही. प्रयोगशाळेत लग्नकार्याच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, आणि त्या बाहेर काढा असं कुठल्याही पुढाऱ्याला आजवर वाटलेलं नाही. तिथून बारावी करून डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी दोन वर्षांनी कुठं पोचते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

“अर्धा मार्क कशात गेला?” भंतेंनी विचारलं.

“भिंगाच्या गणितात. उत्तर बरोबर आलंय. फक्त चिन्हाचा कापला. बघा ना.”

“माझे हात खळीचे आहेत. वाचून दाखव.”

तिनं वाचलं. अंतर्वक्र भिंग. नाभीय अंतर पन्नास सेंटिमीटर. भिंगाची शक्ती काढा. सूत्र, मांडणी, भागाकार. “उत्तर, दोन डायॉप्टर.”

“आणि मॅडमना काय हवं होतं?”

“उणे दोन. एक रेघ, भंतेजी! एका आडव्या रेघेसाठी अर्धा मार्क! सिली मिस्टेक आहे ती.”

भंतेंनी चष्मा काढला. काचेला खळ लागली, तरी काढला. तिच्यासमोर धरला.

“हा उणे दोनचा आहे. बाजारात जा, चष्मेवाल्याला सांग, रेघ काढून टाक आणि अधिक दोनचा दे. मग हा घालून मला रस्ता ओलांडू दे.”

आत कुणीतरी फिस्सकन हसलं.

प्रणोतीचं तोंड लाल झालं. “तुम्ही पण त्यांच्याच बाजूनं.”

“मी चष्म्याच्या बाजूनं आहे.”

त्यांनी चष्मा चीवराच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि पहिल्यांदा उत्तरपत्रिकेकडे नीट पाहिलं. पहिल्या पानावर गुणांच्या चौकटीत लाल शाईची खाडाखोड होती. आधी एकतीस लिहिलं होतं. त्यावर रेघ मारून चौतीस. ते खोडून साडेछत्तीस. ते खोडून साडेएकोणचाळीस. प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही.

“एकतीसचे साडेएकोणचाळीस कसे झाले?”

“मांडले मी मुद्दे,” प्रणोती म्हणाली. आवाजात अभिमान होता. “पटवून दिलं.”

आपल्याकडे सराव परीक्षेनंतर एक हंगाम येतो. पेपर परत मिळतात आणि पोरं स्टाफरूमच्या दाराशी गोळा होतात. आपण काय चुकलो हे बघायला नाही. कुठं वाढवून मिळेल हे बघायला. आधी मुलगी एकटी येते. मग मैत्रिणीचा पेपर घेऊन येते. तिला दिलाय, मला काहून नाही? मग आई येते. मग क्लासवाल्याचा फोन येतो. मग मुख्याध्यापक शिपायाच्या हाती निरोप पाठवतात, की बाई, आपल्या शाळेचं नाव आहे, जरा सैल हातानं बघा. महिनाभर रात्रीचे डोळे फोडून ज्या बाईनं साठ पेपर तपासले, ती शेवटी मान खाली घालून खोडते आणि सही करते. याला आम्ही पालकांची जागरूकता म्हणतो. शाळेच्या वार्षिक अहवालात याला निकालातली सुधारणा म्हणतात.

“बस,” भंते म्हणाले.

ती बसली. पायरीवर, अर्धी उन्हात.

“थंड देशात तळं वरून गोठतं. खाली मासे जिवंत राहतात. का?”

“बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो म्हणून तरंगतो. तो खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून मासे जगतात.” ती एका दमात म्हणाली. “पेपरात होतं हे. तीनपैकी तीन.”

“तळाशी पाणी किती अंशावर असतं?”

“शून्य.”

“नक्की?”

“हो जी. मी लिहिलंय. तीनपैकी तीन आहेत.”

“आधी किती होते?”

“...दीड. मी मॅडमला म्हटलं, मुख्य मुद्दा आलाय ना? मासे जगलेत ना?”

भंतेंनी पुठ्ठ्यावर खळ ओढली.

“तांब्याच्या भांड्यावर हिरवा थर चढतो. कशाचा?”

“कॉपर ऑक्साइडचा.”

“अणूचा आकार आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना...?”

“वाढतो. इलेक्ट्रॉन वाढतात म्हणून.”

“हे सगळं कुणी सांगितलं तुला?”

प्रणोतीनं त्यांच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या माणसाला मोबाइल समजावून सांगावा तसं. “भंतेजी, याला पूर्ण मार्क आहेत.”

...

अभ्यासिकेच्या दारात दोन मुलं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एकानं दबक्या आवाजात म्हटलं, “चार अंश असते ना ते?” दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

प्रणोतीनं मागं वळून पाहिलं. मग भंतेंकडे पाहिलं. शेजारच्या ढिगातून त्यांनी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. कव्हर नव्हतं, पहिला धडा अर्धा गळालेला. ते तिच्या मांडीवर टाकलं.

तिनं उष्णतेचा धडा काढला. बोट फिरवत गेली. बोट थांबलं.

मग तिनं धातूंचा धडा काढला. तिथंही बोट थांबलं. कॉपर कार्बोनेट.

तिसरा धडा तिनं उघडला नाही.

“मी हे पुस्तक सहा वेळा वाचलंय,” ती हळू म्हणाली. “डोळे मिटले की पान दिसतं मला. डावीकडं वर चित्र, खाली तक्ता...”

“तक्त्यात काय?”

तिनं डोळे मिटले, परत उघडले.

“पेपर मिळाल्यावर कितीदा वाचलंस?”

“दोनदा. आवर्तसारणी, विद्युतधारा, सगळं. हेही वाचलं.” तिनं मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. “चार अंश मी वाचलं असेल, भंतेजी. नक्की वाचलं असेल. दिसलं कसं नाही?”

“दिसायची गरज काय? तुझं उत्तर पूर्ण मार्कांचं होतं.”

आता भंतेंच्या आवाजात धार आली. ते मोठ्यानं बोलत नव्हते. मोठ्यानं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

“साठ पेपरांतून एका बाईनं तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं. इथं तुला येत नाही. इथं येत नाही. इथंही नाही. नऊ मार्कांचं. परीक्षेला पाच आठवडे असताना! लाल गोल करून हातात दिलं होतं. आणि तू काय केलंस?”

प्रणोतीनं उत्तरपत्रिकेची घडी घातली.

“तू ते बुजवून घेतलंस. एकेक करून. सही घेऊन.”

“पण सगळेच घेतात जी!”

“घेतात. आणि मग मार्चमध्ये तेच लिहितात. तिथं पेपर तपासणारा दुसऱ्या जिल्ह्यात बसलेला असतो. त्याच्या घरी तुझी आई पोचत नाही. तळाशी शून्य अंश लिहिलंस तर तो मासा तिथंच मरतो.”



“काय करू मग?” प्रणोतीनं विचारलं.

“परत करून ये.”

“काय?”

“साडेआठ मार्क. मॅडमकडे जा, परत कर. पहिल्या पानावर एकतीस लिहून घे.”

ती उठून उभी राहिली. “भंतेजी, तुम्ही... असं कोणी करते का? हसतील मला! डहाके सरांनी माझी फी माफ केली आहे, मी पहिली येते म्हणून. आणि सराव परीक्षेचे मार्क बोर्डात धरतच नाहीत! कुठंच धरत नाहीत! परत करून काय होणार आहे?”

“कुठंच धरत नाहीत?”

“नाही.”

“मग मागितलेस कशाला?”

...

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

डहाके सर उतरले. गावातला सर्वांत मोठा क्लास त्यांचा. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, पायांत बूट. ओसरीपर्यंत बुटांसकट आले, मग आठवलं तसे मागं गेले, बूट काढून परत आले. हात जोडले.

“वंदामि, भंतेजी. काय राजेहो, आमच्या स्टारला उन्हात बसवून ठेवलं? चल ग प्रणोती, फोटोवाला थांबलाय. आज डिझाइन पाठवायचं आहे.”

“तिचे अजून चाळीस झाले नाहीत,” भंते म्हणाले.

“होतात हो. अर्धा मार्कच तर आहे. मी मुख्याध्यापकांशी बोललो.” डहाके सर हसले. “आधीचे दिलेच ना तुरणकर मॅडमनं. एक फोन केला फक्त. बाई भली आहे, फार ताणत नाही.”

“तिच्या उत्तरात तळ्याच्या तळाशी शून्य अंश आहे.”

“असेल.”

“तांब्यावरचा हिरवा थर ऑक्साइडचा आहे.”

“भंतेजी,” डहाके सरांनी आवाज खाली आणला. लहान मुलासमोर मोठ्यांनी बोलावं तसा. “परीक्षेच्या तोंडावर मुलांना चुका दाखवायच्या नसतात. कॉन्फिडन्स जातो. आमच्याकडे वातावरण पॉझिटिव्ह असतं.”

“मग चुका कधी दाखवायच्या? निकालानंतर?”

“आमच्याकडे मुलं चुकतच नाहीत.”

“मग तुम्ही शिकवता काय?”

आतून पुन्हा हसू आलं. या वेळी फिस्स नव्हतं, चांगलं मोकळं होतं. डहाके सरांनी दाराकडे पाहिलं तसं थांबलं. त्यातली निम्मी पोरं त्यांच्याच क्लासची होती.

“हे बघा, तुम्ही साधू माणूस. तुम्हाला स्पर्धा काय कळणार? नववीच्या पोरांचे प्रवेश आता सुरू होतात. पालक बॅनर बघून येतात. ही पोरगी हुशार आहे, मी तिची फी सोडली, गरिबाचं लेकरू म्हणून. तिच्या डोक्यात नको ते भरू नका.”

“गरिबाचं लेकरू,” भंते म्हणाले.

ते उठले. दोन्ही हातांना खळ तशीच होती.

“त्या गरिबाच्या लेकराला बोर्डात नऊ मार्क कमी पडणार आहेत. तुम्हाला पंचवीस मुलांत एक फोटो कमी पडेल. तिला तिचं पुढचं आयुष्य कमी पडेल. तुम्ही फोन केलात तेव्हा तुम्ही एका शिक्षिकेच्या हातातलं लाल पेन काढून घेतलंत. आणि वर तिला भली म्हणता?”

“तुम्हाला राग शोभत नाही, भंतेजी.”

“नाही शोभत,” भंते म्हणाले. “येतो.”

डहाके सरांनी बूट चढवले. फाटकातून हाक मारली. “प्रणोती, येतेस का? नसशील येत तर उद्यापासून क्लासला पण येऊ नकोस. मी एवढं करायचं आणि तुम्ही असं करायचं...”

प्रणोती ओसरीवर उभी होती. हातात उत्तरपत्रिका.

ती गेली.

गाडीच्या मागच्या सीटवर बसली, काच वर केली. भंतेंनी बोलावलं नाही. ते खाली बसले. पुढचं पुस्तक ओढलं.

ज्याला वाटत असेल की पंधरा वर्षांच्या मुलीनं तिथंच पाय रोवून उभं राहायला हवं होतं, त्यानं स्वतः कधी साहेबाच्या गाडीला नाही म्हटलंय का, ते आठवून बघावं.

...

सोमवारी ती आली ती दप्तरासकट. सकाळची. भंते भिक्षेहून परतले नव्हते. ती ओसरीवर बसून राहिली. ते आले तशी उठली, वंदामि म्हणायचं विसरली.

“केले परत!” ती म्हणाली. रागानं म्हणाली. “झालं समाधान?”

भंतेंनी भिक्षापात्र खाली ठेवलं.

“फोटो काढला मी. मधे बसवलं मला. फोटोवाला म्हणे, हास. मला हसू येईना. घरी गेले, पुस्तक काढलं. जेवढे मार्क वाढवून घेतले होते ते सगळे बघितले. एकही बरोबर नव्हता, भंतेजी. एकही!” ती रडायला तयार नव्हती. “एवढं भांडले मी. एवढं छान भांडले. आणि सगळ्या ठिकाणी मीच चूक होते.”

“मग?”

“मग शनिवारी शाळेत गेले. मॅडमना म्हटलं, मार्क कमी करा. त्यांना वाटलं ही काहीतरी नवीन युक्ती आहे. त्या घाबरल्या. खरंच घाबरल्या जी! म्हणाल्या, आता काय तक्रार आहे तुझी, मी आधीच सगळे दिलेत. मुख्याध्यापकांना बोलवायला निघाल्या. मी म्हटलं, नाही मॅडम, तक्रार नाही. त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी मीच लाल पेन घेतलं आणि त्यांच्यासमोर खोडलं. एकतीस लिहिलं. म्हटलं, सही करा.”

“केली?”

“खूप वेळ बघत बसल्या. मग केली.”

भंतेंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

“डहाके सरांना कळलं. बॅनर छापायला गेला होता, तो थांबवावा लागला. त्यांनी बाबांना आगारात जाऊन सांगितलं, तुमच्या पोरीचं डोकं फिरलंय. क्लासमधून काढलं मला. बाबा त्या रात्री बोलले नाहीत. काल म्हणाले, तुझी जागा तूच घालवलीस.” ती भंतेंच्या समोर येऊन उभी राहिली. “चार आठवडे राहिले आहेत. क्लास नाही. नोट्स त्यांच्याच होत्या, त्यांनी परत घेतल्या. तुमच्या एका शब्दावर मी हे सगळं केलं. आता मी कोणाकडं शिकू? तुम्ही शिकवता?”

“नाही.”

“नाही?”

“मी शाळा सोडून वर्षं झाली. अभ्यासक्रम दोनदा बदलला.”

“मग मला कशाला...” ती ओरडली. अभ्यासिकेतली मुलं पुन्हा दारात आली. “मग मला कशाला इथवर आणलं? सोपं होतं सगळं! सहा वेळा वाचलं होतं, सातव्यांदा वाचलं असतं, गेले असते परीक्षेला!”

“आणि तळाशी काय लिहिलं असतंस?”



“चार अंश,” ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. “नाही... शून्यच लिहिलं असतं.”

...

भंते पायरीवर बसले. तिनंही बसावं म्हणून थोडे सरकले. ती बसली नाही.

“ज्यांनी तुझ्या पेपरात लाल गोल केले,” ते म्हणाले, “त्यांच्याकडे जा.”

“तुरणकर मॅडम?”

“रोज शाळा सुटल्यावर, त्यांच्या घरी. जिथं गोल आहे ते समोर बसून सोडवायचं, पुस्तक न बघता. परत चुकशील. त्यांना परत गोल करू दे. दुसऱ्या दिवशी तेच सोडवायचं. चार दिवस सोडायचे, मग परत तेच. जे येतं ते वाचत बसू नकोस, त्यानं फक्त बरं वाटतं. बाकी विषयांचे पेपर काढ, त्यातही बघ कुठं कुठं बुजवून घेतलंस.”

प्रणोती खाली बघत होती.

“मॅडम मला शिकवणार नाहीत.”

“का?”

“मी त्यांना... स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर बोलले होते. त्या चिन्हाच्या अर्ध्या मार्कावरून.”

“काय बोललीस?”

ती बोलायला तयार नव्हती. मुलं दारात होती.

“म्हटलं होतं... तुम्हाला येत नसेल तर तपासता कशाला.”



ज्या बाईनं त्या संपूर्ण शाळेत एका उणे चिन्हासाठी शेवटचा अर्धा मार्क सोडला नव्हता, मुख्याध्यापकाच्या निरोपाला, आईच्या आरड्याला, क्लासवाल्याच्या फोनला सगळं देऊन बसल्यावरही सोडला नव्हता, तिला ऐकवलं गेलं होतं हे. आणि स्टाफरूममध्ये सात शिक्षक चहा पीत बसले होते. एकानंही कप खाली ठेवला नव्हता.

“त्या दार उघडतील का?” प्रणोतीनं विचारलं.

“माहीत नाही.”

“आणि उघडून नाही म्हणाल्या तर?”

“माहीत नाही.”

“आणि शिकवलं, मी सगळं केलं, तरी चौऱ्याण्णव आले नाहीत तर? जागा गेली तर?”

भंते पायरीवरून उठले.

...

“भंतेजी, मला माफी मागता येत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “मी प्रयत्न केला घरी आरशासमोर. तोंडातून मुद्देच येतात. त्यांनी एक म्हटलं की मी दोन म्हणणार. मला माहीत आहे. मी तिथं जाऊन पुन्हा भांडेन. मला भांडण सोडून काही येत नाही.”

भंतेंनी तिचं दप्तर उचललं. तिच्या खांद्याला अडकवलं.

“मग भांड,” ते म्हणाले. “पण या वेळी हरायला जा.”